जू दोघांच्या मानेवर

४ ऑक्टोबर : असिसीकर संत फ्रान्सिसचा सण
पहिले वाचन : गलतीकरांस पत्र ६:१४-१८
शुभवर्तमान : मत्तय ११:२५-३०



आज असिसीकर संत फ्रान्सिसचा सण. सकाळपासून अनेकांच्या स्टेटसवर तोच असणार. तपकिरी झगा, कमरेला दोरी, खांद्यावर पक्षी, पायाशी लांडगा. आपल्याकडे फ्रान्सिस म्हटलं की आधी गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर आठवतात. ते सोळाव्या शतकातले. असिसीचा फ्रान्सिस त्यांच्याही सव्वातीनशे वर्षं आधी जन्मला. भारतात तो कधी आला नाही. पण त्याचे बंधू आले, आणि तेही आपल्या ठाण्याला. त्याबद्दल पुढे सांगतो.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पित्याचे आभार मानतो, कारण शहाण्यांना न कळलेलं पित्याने लहान लेकरांना दाखवलं. मग तो थकल्याभागल्यांना जवळ बोलावतो आणि आपलं जू घ्यायला सांगतो. आपण शहरातले लोक 'जू' हा शब्द वाचून पुढे सरकतो. बैलजोडी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला माहीत असतं की जू दोन मानांवर बसतं. एका बैलाने मान काढून घेतली तर सगळं ओझं दुसऱ्यावर येतं आणि औत वाकडं जातं. आजचं चिंतन याच शब्दाभोवती आहे.

आधी एक कबुली देतो. काही महिन्यांपूर्वी मी ऑफिसच्या ग्रुपवर एक रील टाकलं होतं. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याचे बछडे सापडले, त्याचं ते रील. खाली मी किती गोड वगैरे लिहिलं होतं. वीसेक जणांनी बदाम पाठवले. आमच्या टीममधला एक मित्र आंबेगाव तालुक्यातला आहे. तो ग्रुपवर काहीच बोलला नाही. दुपारी जेवताना मात्र साध्या आवाजात म्हणाला की आमच्या वस्तीवर आता लहान पोरांना कोणी एकटं शाळेत पाठवत नाही. आणि मग त्याने मला शनिवार-रविवार घरी यायचं आमंत्रण दिलं.

गेलो. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. दिवस मावळायच्या आत काकूंनी शेळ्या आत घेतल्या, गोठ्याची जाळी लावली, पोरांना हाका मारून घरात घेतलं. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला होती. दहा वाजता काका मोटार चालू करायला निघाले ते शेजाऱ्याला सोबत घेऊन. हातात काठी, बॅटरी, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने गाणी. ती गाणी कशासाठी, हे मला विचारावं लागलं.

त्याआधी जेवताना मी मोठ्या उत्साहाने फ्रान्सिस आणि गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट सांगितली होती. संताने माणसं खाणाऱ्या लांडग्याशी गावाचा समेट कसा करून दिला, ती गोष्ट. सगळ्यांनी ऐकली. काकूंनी ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, की त्या लांडग्याने ज्यांची माणसं आधीच खाल्ली होती, त्या घरच्यांनी हे कसं कबूल केलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना सांगितलीही आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुण्याला परत आल्यावर काकूंचा प्रश्न सोबत घेऊन मी फ्रान्सिसचं चरित्र नव्याने वाचलं. आज तेच तुमच्यासमोर मांडतो.

कापडवाल्याचा मुलगा

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ सालचा, इटलीतल्या असिसी गावातला. वडील पिएत्रो दी बर्नार्दोने कापडाचे मोठे व्यापारी, आईचं नाव पिका. बाप्तिस्म्यात नाव ठेवलं होतं जोव्हान्नी, म्हणजे योहान. वडील तेव्हा व्यापारासाठी फ्रान्सला गेलेले. परत आल्यावर त्यांनी मुलाला फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

तरुणपणी तो आपल्यासारखाच होता. भारी कपडे, मित्रांना पार्ट्या, रात्री उशिरापर्यंत गाणी. हात सढळ होता, त्यामुळे मित्रही भरपूर. त्याला सरदार व्हायचं होतं. १२०२ मध्ये असिसी आणि शेजारचं पेरुजा यांच्यात लढाई झाली. तो घोड्यावर बसून गेला, पकडला गेला आणि जवळपास वर्षभर कैदेत राहिला. सुटून आला तो आजारी होऊनच. पुढे पुन्हा एकदा युद्धावर निघाला, पण स्पोलेतोपर्यंत जाऊन माघारी फिरला. तिथे रात्री त्याला प्रभूची वाणी ऐकू आली, असं त्याचे चरित्रकार लिहितात. लोक हसले असणार. काय करायचंय हे त्यालाही अजून कळलं नव्हतं.

त्याच्या आयुष्याला वळण कुठे मिळालं, हे त्याने मरणाआधी स्वतः सांगून ठेवलंय. आपल्याला वाटतं पक्षी, फुलं, चंद्र-सूर्य. तो मात्र कुष्ठरोग्यांचं नाव घेतो. त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवत. फ्रान्सिसला त्यांची इतकी किळस होती की त्यांची वस्ती दिसली तरी तो नाक दाबून लांबून जायचा. एक दिवस वाटेत असाच एक जण समोर आला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याच्या हातात पैसे ठेवले आणि त्या हाताचं चुंबन घेतलं. मग तो त्यांच्या वस्तीत जाऊ लागला, त्यांच्या जखमा धुऊ लागला. आधी जे कडू लागायचं ते गोड झालं, असं त्याने लिहून ठेवलंय.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. लांडग्यासमोर उभं राहण्याच्या कितीतरी वर्षं आधी तो स्वतःच्या भीतीसमोर उभा राहिला होता. तीही अशा ठिकाणी, जिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

कपडेही परत केले

असिसीच्या वेशीबाहेर सान दामियानो नावाचं एक पडकं चर्च होतं. तिथे क्रूसासमोर प्रार्थना करताना त्याला प्रभूचा आवाज ऐकू आला, की माझं घर मोडकळीला आलंय, ते दुरुस्त कर. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्याने रिक्वायरमेंट शब्दशः घेतली. वडिलांच्या दुकानातलं कापड आणि घोडा विकला आणि पैसे तिथल्या फादरांना द्यायला गेला. फादरांनी घेतले नाहीत, तेव्हा ते खिडकीत टाकून दिले.

इथे थोडं थांबू या. पैसे वडिलांचे होते. वडील चिडले, त्यांनी मुलाला कोंडलं, शेवटी बिशपांसमोर उभं केलं. १२०६ सालची ही गोष्ट. बिशपांनी पैसे परत करायला सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही उतरवले, वडिलांच्या पायाशी ठेवले आणि आजपासून माझा पिता फक्त स्वर्गातला, असं जाहीर केलं. बिशपांनी त्याला आपल्या झग्यात झाकून घेतलं. चित्रांमध्ये हा प्रसंग फार सुंदर दिसतो. पण चौकात मुलाचे कपडे हातात घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बापाचाही विचार करा. संताच्या गोष्टीतसुद्धा कोणाच्या तरी पदरात दुःख पडलेलं असतं. काकूंच्या प्रश्नाने मला हे पहिल्यांदा दिसलं.

मग दोनेक वर्षं तो दगड मागून आणत होता, भिंती बांधत होता. सान दामियानो झालं, मग आणखी चर्चेस, त्यातलंच एक डोंगराखालचं पोर्सिउंकुला. तिथे एकदा मिस्सेत त्याने मत्तयच्या दहाव्या अध्यायाचं वाचन ऐकलं. प्रभू शिष्यांना पाठवतो ते पैशाशिवाय, झोळीशिवाय, जोड्याशिवाय, आणि ज्या घरी जाल तिथे शांती द्या असं सांगून. हेच आपल्याला हवं होतं, हे फ्रान्सिसने ओळखलं. त्याने वहाणा काढल्या, पट्ट्याच्या जागी दोरी बांधली. हळूहळू सोबती मिळाले. बर्नार्द नावाचा श्रीमंत माणूस सगळं वाटून टाकून आला. १२०९ मध्ये बाराजणांचा हा घोळका रोमला पोप इनोसंट तिसरे यांच्याकडे गेला आणि त्यांची तोंडी संमती घेऊन आला. १२१२ च्या सुमारास झावळ्यांच्या रविवारी रात्री असिसीच्या खानदानी घरातली क्लारा घर सोडून आली आणि भगिनींचा संघ सुरू झाला. फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू कधीच झाला नाही, शेवटपर्यंत डीकन राहिला.

नि:शस्त्र माणूस

१२१९ मध्ये पाचवं धर्मयुद्ध चालू होतं. ख्रिस्ती सैन्याने इजिप्तमधल्या दमिएत्ताला वेढा घातला होता. फ्रान्सिस तिथे गेला आणि एका बंधूला सोबत घेऊन, हातात काहीही न घेता, शत्रूच्या छावणीत शिरला. सुलतान अल्-कामिलने त्याला भेट दिली, त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, युद्ध थांबलं नाही. हिशोब मांडला तर काहीच हाती लागलं नाही. पण दोन्ही बाजूंनी तलवारी उपसलेल्या असताना एक माणूस मधली जमीन चालून गेला आणि समोरच्याने त्याला माणूस म्हणून वागवलं. आठशे वर्षांनीही ती भेट लोक विसरलेले नाहीत.

गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. फ्रान्सिसच्या पहिल्या चरित्रात, म्हणजे सेलानोच्या थॉमसने लिहिलेल्या चरित्रात, ती नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी जमवलेल्या कथांमध्ये ती येते. म्हणून ती लोकांच्या आठवणीतून आलेली गोष्ट आहे, असं समजून वाचू या.

गुब्बिओ गावाभोवती एक मोठा लांडगा हिंडत होता. आधी जनावरं मारायचा, मग माणसं मारू लागला. लोक हत्यार घेतल्याशिवाय वेशीबाहेर पडेनात, पुढे पुढे तर पडेचनात. फ्रान्सिस गावकऱ्यांचं न ऐकता बाहेर गेला. लांडगा जबडा वासून धावत आला. फ्रान्सिसने क्रूसाची खूण केली आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली.

इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आता पुढचं नीट बघा. फ्रान्सिस त्याला लगेच कुरवाळत नाही. तो आधी त्याचे गुन्हे मोजून दाखवतो. तू नुसती जनावरं मारली नाहीस, देवाच्या प्रतिमेत घडवलेली माणसं मारलीस. तू फाशीच्याच लायकीचा आहेस. गावाचा राग रास्त आहे. हे सगळं तो बोलतो, मेलेल्यांच्या बाजूने बोलतो, आणि मगच दुसरी बाजू मांडतो: हे तू भुकेपोटी केलंस, हे मला माहीत आहे. मग करार ठरतो. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही, गावाने त्याला रोज खायला घालायचं. लांडगा पंजा फ्रान्सिसच्या हातात देतो. पण फ्रान्सिसला तेवढं पुरत नाही. तो त्याला गावाच्या चौकात घेऊन जातो आणि सगळ्यांसमोर गावाकडूनही वचन घेतो. पुढे दोन वर्षं लांडगा दारोदार फिरून जेवला, त्याच्यावर कुत्रंही भुंकलं नाही. म्हातारा होऊन मेला तेव्हा गावाला वाईट वाटलं.

म्हणजे चमत्कार एका दुपारचा, आणि त्यानंतरचा खर्च दोन वर्षांचा. रोज कोणीतरी आपल्या घासातला घास काढून दारात ठेवला. त्या दारांपैकी काही दारं त्या घरांची असणार जिथलं माणूस गेलं होतं. त्यांनी हे कसं कबूल केलं, ते गोष्टीत नाही. पण एवढं दिसतं की फ्रान्सिसने त्यांना सोसायला सांगून लांडग्याला मोकळं सोडलं नाही. जू दोघांच्या मानेवर ठेवलं.

ऊस आणि बिबट्या

आता पुन्हा आपल्या घराजवळ येऊ या. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालवे आले आणि ऊस वाढला. डिंभ्याच्या पाण्याखाली तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगावच गेलं. ऊस वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, रानात उभा असतो. दाट, थंड, आत माणसाचं पाऊल नाही. बाहेर पाणी, कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? मादी उसातच वितेय, पिलं उसातच मोठी होतायत. त्यांना डोंगरातलं जंगल ठाऊकच नाही.

पूर्वी बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडले जायचे. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की त्याने प्रश्न मिटला नाही, उलट जिथे सोडले तिथल्या भागात हल्ले वाढले. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. पकडलेले, जखमी बिबटे तिथे ठेवतात. फडात सापडलेली पिलं शक्यतो त्याच जागी परत ठेवतात, म्हणजे रात्री आई येऊन घेऊन जाते. मी टाकलेल्या रीलमागे हे सगळं होतं. आणि हेही होतं की या तालुक्यांत बिबट्याने लहान मुलं नेली आहेत, संतापलेल्या लोकांनी रस्ते अडवले आहेत, आणि गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात काम करणाऱ्या बायकांचे फोटो आपण बातम्यांत पाहिले आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गुब्बिओची गोष्ट ऐकून कोणी बिबट्याला खायला घालायला जाऊ नका. जंगली जनावराला माणसाच्या हातची सवय लागली की दोघांचाही घात होतो. आपण फ्रान्सिस नाही. गोष्टीतून घ्यायचं ते वेगळं आहे. शांतता हवी असेल तर तिचा खर्च कोण उचलणार, हे चौकात, सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे.

आज तो खर्च कोण उचलतंय? रात्री दहाला मोटार चालू करायला जाणारे काका. शेळी गेली तर पंचनाम्यासाठी थांबणाऱ्या काकू. शाळेच्या वाटेवर पोरांसोबत चालणारी आजी. आणि आपण? त्या उसाची साखर आपल्या चहात आहे. वन्यजीव वाचले पाहिजेत, हे आपण वातानुकूलित ऑफिसातून लिहितो. लिहायला हरकत नाही, मलाही ते मनापासून वाटतं. पण जुवातून मान काढून घेतलेल्या बैलाने दुसऱ्याला नीट चाल म्हणून सांगावं, तसं ते होतं.

शेतीला दिवसा वीज, वस्तीवर उजेड, पक्के गोठे, घरालगत संडास, नुकसानभरपाई वेळेत. या मागण्या त्या गावांच्या आहेत. त्या बिबट्याच्या विरोधातल्या नाहीत. त्या पूर्ण झाल्या तर बिबट्याही वाचेल. पण त्या मागायला रस्त्यावर येतात ते फक्त तेच. आपण रील फॉरवर्ड करतो.

शेवटची वर्षं

फ्रान्सिसच्या आयुष्याचा उत्तरार्ध यशाचा वाटत नाही. बंधूंची संख्या हजारांत गेली. नियम हवेत, घरं हवीत, असं म्हणणारे वाढले. १२२० मध्ये त्याने संघाचं प्रमुखपद दुसऱ्याच्या हाती दिलं आणि आपण साधा बंधू झाला. १२२३ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी संघाच्या नियमावलीला मान्यता दिली. त्याच नाताळला ग्रेच्चो गावात त्याने गव्हाणीत गवत पसरलं, बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि बाळ येशूचा जन्म गावकऱ्यांना डोळ्यांनी दाखवला. आपण दर डिसेंबरला घरी जो गोठा करतो त्याची प्रथा तिथून फोफावली.

१२२४ च्या सप्टेंबरात ला व्हेर्नाच्या डोंगरावर प्रार्थना करताना त्याच्या हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या. आजच्या पहिल्या वाचनात संत पौल आपल्या शरीरावर येशूच्या खुणा असल्याचं सांगतो. ते वाचन आज का निवडलंय, हे आता कळलं असेल. पण त्या खुणा अचानक आल्या असं मला वाटत नाही. ज्याने वीस वर्षं दुसऱ्याच्या जखमा धुतल्या त्याच्या अंगावर त्या उमटल्या.

डोळे जवळपास गेले होते. उपचार म्हणून कानशिलाजवळ तापलेल्या लोखंडाने डाग दिले. तेव्हा त्याने आगीलाही भाऊ म्हणून हाक मारली आणि जरा सौम्य हो म्हणून विनवलं. याच काळात, १२२५ मध्ये, सान दामियानोजवळ आजारी पडलेला असताना त्याने सूर्यभावाचं स्तोत्र रचलं. लॅटिन सोडून, असिसीच्या बाजारात बोलतात त्या भाषेत. सृष्टीवरचं हे सुंदर गाणं जवळपास आंधळ्या माणसाने, दुखण्यात, अंधारात पडून रचलंय. पुढे असिसीचे बिशप आणि नगराचे अधिकारी यांच्यात भांडण पेटलं, तेव्हा त्याने त्यात क्षमा करणाऱ्यांविषयीचं एक कडवं वाढवलं आणि बंधूंना दोघांसमोर जाऊन गायला लावलं. भांडण मिटलं. सृष्टीचं गाणं आणि माणसांचा समेट ही त्याच्यासाठी दोन कामं नव्हतीच.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, पोर्सिउंकुलाजवळ, उघड्या जमिनीवर ठेवायला सांगून त्याने देह ठेवला. वय जेमतेम ४४-४५. दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, पोप ग्रेगरी नववे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं.

त्याला शंभर वर्षं होण्याच्या आत, १३२१ मध्ये, त्याच्या संघाचे तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्यासोबतचा देमेत्रिउस हे चौघे ठाण्याला पोचले आणि तिथेच रक्तसाक्षी झाले. त्यांच्या अस्थी जॉर्डन नावाच्या बंधूने सोपाऱ्याला नेऊन पुरल्या. पुढे वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं. २०१३ मध्ये निवडून आलेल्या पोपनी त्याचं नाव घेतलं, आणि २०१५ च्या आपल्या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला शिकवलं. बिबट्या आणि काकू, दोघांचं एकत्र ऐकायचं, हाच त्याचा जुन्नर-आंबेगावातला अर्थ.

काकूंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला अजूनही मिळालेलं नाही. कदाचित ते द्यायचा अधिकार माझा नाहीच. पण आता मी ती गोष्ट सांगताना मेलेल्यांना वगळत नाही.

आजची कृती : आज चहा पिताना त्यातल्या साखरेमागच्या एका माणसाची आठवण करा. ओळखीत कोणी त्या तालुक्यांतलं असेल तर फोन करा आणि फक्त ऐका. सल्ला देऊ नका. आणि ज्या माणसाला पाहून आपण रस्ता बदलतो, अशा एकाला या आठवड्यात भेटा. फ्रान्सिसची सुरुवात तिथून झाली होती.

प्रार्थना करू या :
हे प्रभू येशू, तू नम्र आणि लीन अंतःकरणाचा आहेस. ज्या घरांतली लेकरं गेली त्यांच्या आईबापांना तू जवळ घे. रात्री शेतात जाणाऱ्यांची राखण कर. तू घडवलेल्या मुक्या जिवांनाही जगायला जागा दे. दुसऱ्यांच्या खांद्यावर ओझं टाकून शांतीच्या गोष्टी करण्यापासून आम्हांला आवर. तुझ्या जुवाखाली आमचीही मान येऊ दे. असिसीकर संत फ्रान्सिस, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.